उताराचे पाणी, चढाचा दोर आणि वाटेतले नाके

जून १५७६ मध्ये झ्यूरिक शहरातले काही लोक पहाटेच्या अंधारात एका लांबट होडीत बसले. त्यांच्यासोबत वरीसारख्या बारीक धान्याच्या गरम लापशीने भरलेली एक मोठी हंडी होती. लिमात नदीतून आरे नदीत, तिथून ऱ्हाईनमध्ये, असे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर वल्हवत ते त्याच दिवशी रात्री स्ट्रासबूर्गला पोचले. तिथे नेमबाजीचा मोठा उत्सव चालू होता. हंडी उघडली तेव्हा लापशी अजून गरम होती. स्ट्रासबूर्गकरांना त्यांना एवढेच सांगायचे होते की, तुमच्यावर संकट आले तर लापशी निवायच्या आत आम्ही मदतीला येऊ. हे धाडस नवे नव्हते. झ्यूरिकच्याच लोकांनी १४५६ मध्येही अशीच हंडी नेली होती आणि तिची आठवण दोन्ही शहरांनी जपली होती.

मध्ययुगीन युरोपातल्या नदीप्रवासाविषयी वाचताना मला ही हंडी फार उपयोगी वाटली, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. नदीच्या उताराला लागलेली होडी त्या काळी घोडागाडीला सहज मागे टाकत असे. पण तीच होडी प्रवाहाविरुद्ध झ्यूरिकला परत न्यायची, तर एका दिवसाच्या वाटेला अनेक दिवस लागले असते. शिवाय हंडीऐवजी होडीत दारूची पिंपे असती, तर वाटेतल्या प्रत्येक जकात नाक्यावर ती थांबवली गेली असती. नदी वेग फुकट देते, वाट मात्र फुकट देत नाही. या लेखात मला त्या न मिळणाऱ्या वाटेचाच हिशेब मांडायचा आहे. त्यासाठी मी ऱ्हाईन नदी निवडली आहे, कारण तिच्यावरच्या प्रवासाचे पुरावे विपुल आहेत आणि तिच्या काठचे किल्ले आजही त्या हिशेबाची साक्ष देत उभे आहेत.

नदी हाच रस्ता

मराठी वाचकाला नदी म्हणजे रस्ता ही कल्पना थोडी परकी वाटेल. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात गुरे चरतात. आपण नदीत स्नान करतो, नदी उतरून पलीकडे जातो, पण नदीवरून लांबच्या गावाला जात नाही. अपवाद कोकणातल्या खाड्यांचा. महाड, चिपळूण, राजापूर ही गावे खाडीच्या टोकाशी होती म्हणूनच व्यापाराला चढली.

ऱ्हाईनचे तसे नाही. आल्प्स पर्वतात उगम पावून सुमारे १२३० किलोमीटरचा प्रवास करून ती उत्तर समुद्राला मिळते. वसंतात आणि उन्हाळ्यात आल्प्सवरचे बर्फ वितळते, पावसाने उपनद्या भरतात, त्यामुळे वर्षाचा बराच काळ पात्रात होडी चालण्याइतके पाणी असते. तिच्या काठी बाझेल, स्ट्रासबूर्ग, श्पायर, वर्म्स, माइन्त्स, कोब्लेन्त्स, बॉन, कोलोन अशी शहरे ओळीने वसली. त्यातली बरीचशी रोमन काळापासूनची. या शहरांना जोडणारे रस्ते होते, पण चिखल, खड्डे आणि चोर यांनी ते भरलेले. दारूचे पिंप, धान्याची पोती, जात्याचे दगड अशा जड मालाला बैलगाडी परवडत नसे. एका होडीत जेवढा माल मावे, त्याला जमिनीवर गाड्यांचा तांडा लागला असता.

मालाबरोबर माणसेही जात. ११६४ मध्ये येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांचे अवशेष मिलानहून कोलोनला आणले गेले आणि ते शहर मोठे तीर्थक्षेत्र झाले. तिथून जवळच आखेन. तिथल्या पवित्र वस्त्रांचे दर्शन चौदाव्या शतकापासून दर सात वर्षांनी खुले होई आणि दूरदूरचे यात्रेकरू येत. धर्मगुरू, विद्यार्थी, शिपाई, कारागीर, बाजाराला निघालेल्या बायका अशा सगळ्यांना नदी सोयीची होती. फ्रँकफुर्ट आणि माइन्त्स यांच्या दरम्यान माइन नदीवर नेमाने ये-जा करणारी ‘बाजाराची नाव’ असे. आजच्या एसटीसारखी तिची वेळ लोकांना ठाऊक असे. रात्री मात्र होड्या सहसा काठाला लागत. अंधारात खडक दिसत नाहीत. त्यामुळे नदीकाठच्या गावांत खानावळी वाढल्या आणि प्रवाशांवर चार पैसे मिळवणारी वस्ती उभी राहिली.

दोराला लागलेली माणसे

उताराचा प्रवास नदी करून देई. चढाचा प्रवास माणसांना आणि जनावरांना करावा लागे. खालच्या पात्रात, जिथे नदी रुंद आणि संथ आहे तिथे, वारा अनुकूल असेल तर शीड कामाला येई. वर गेल्यावर दरी अरुंद होते, नदी वळणे घेते आणि वाऱ्याचा भरवसा राहत नाही. मग डोलकाठीला लांब दोर बांधून काठावरून होडी ओढायची.

याचे एक जुने चित्र नवव्या शतकातले आहे. वांडलबेर्ट नावाच्या भिक्षूने ८३९ च्या सुमारास संत गोआर याच्या चमत्कारांची गोष्ट लिहिली. तिच्यात एक फ्रिजियन व्यापारी येतो. फ्रिजियन म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी लोक, त्या काळचे ऱ्हाईनवरचे मुख्य व्यापारी. हा व्यापारी स्वतः होडीत सुकाणू धरून बसला आहे आणि त्याचे चाकर काठावरून दोर ओढत आहेत. चमत्कारावर आपला विश्वास असो वा नसो, हा तपशील खरा मानायला हरकत नाही. लिहिणाऱ्याने तो रोजचा देखावा म्हणूनच दिला आहे.

पुढे माणसांच्या जागी बऱ्याच ठिकाणी घोडे आले, पण काम सोपे झाले नाही. ओढणाऱ्यांसाठी काठाने सलग पायवाट लागते. ती पुराने वाहून जाई, कुठे द्राक्षमळ्याचा बांध आडवा येई, कुठे उपनदीचे मुख. वाट एका काठाची संपली की घोडे होडीत घालून पलीकडे उतरवायचे. चांगल्या दिवसातही साधारण पंधरा-वीस किलोमीटरच पदरात पडत. नदीच्या वरच्या भागातले नावाडी म्हणूनच एक वेगळा हिशेब करत. साध्या फळ्यांची होडी ठोकायची, माल भरून खाली न्यायची आणि माल विकल्यावर होडीही लाकूड म्हणून विकून टाकायची. ती परत ओढत आणण्यापेक्षा नवी बांधणे स्वस्त पडे.

खडक आणि संत

माइन्त्सच्या खाली बिंगेन गावाजवळ नदी डोंगरात शिरते. तिथे कठीण खडकाची एक आडवी रांग पात्रातून जाते. तिच्यात जी अरुंद फट होती तिला ‘बिंगेनचे भोक’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात सुरुंग लावून ती रुंद केली, पण मध्ययुगात भरलेली मोठी नाव तिथून नेणे म्हणजे जिवाशी खेळ होता. व्यापाऱ्यांनी त्यावर तोड काढली. लोर्ख गावाशी माल उतरवायचा, डोंगरावरच्या वाटेने पलीकडे न्यायचा आणि खडकांच्या वरच्या बाजूला पुन्हा होडीत चढवायचा. त्या वाटेला ‘व्यापाऱ्यांची वाट’ असेच नाव पडले.

या खडकाने एका गावाचे नशीब काढले. खडकांच्या वरच्या भागातली द्राक्षदारू लहान होड्यांतून खाली बाखाराख गावाला येई आणि तिथे मोठ्या जहाजांत भरली जाई. दूरच्या गिऱ्हाइकांना ती ‘बाखाराखची दारू’ म्हणूनच माहीत झाली, मग द्राक्षे कुठलीही असोत.

नदीच्या वरच्या अंगाला लाउफेनबुर्ग येथे तर याहून अवघड धबधब्यासारखी उतरंड होती. तिथे माल आणि उतारू काठावर उतरवत आणि रिकामी होडी दोरांनी धरून हळूहळू खाली सोडत. हे काम करणाऱ्या स्थानिक लोकांचा तो पिढीजात हक्क होता. त्यांना मजुरी दिल्याशिवाय होडी पुढे जात नसे.

बाखाराखच्या खाली लोरेलाय नावाचा उंच कडा आहे. आज पर्यटकांना सांगतात की, तिथे सोनेरी केसांची एक तरुणी गाणे गाई आणि नावाडी भान हरपून खडकावर आदळत. ही तरुणी मध्ययुगातली नाही. ती जर्मन कवी ब्रेंटानो याने १८०१ मध्ये कवितेत आणली आणि पुढे हायने याने तिला जगभर नेले. मध्ययुगातल्या नावाड्याचा भरवसा होता तो जवळच्याच संत गोआरवर. सहाव्या शतकात इथे राहिलेला हा साधू वाटसरूंना आसरा देई, अशी श्रद्धा होती. त्याच्या समाधीशी न थांबता पुढे जाणे अशुभ मानत. वांडलबेर्टने तर लिहिले आहे की, खुद्द सम्राट शार्लमेन इथे न थांबता नावेने पुढे गेला तेव्हा दाट धुके पडले आणि त्याला उघड्यावर रात्र काढावी लागली. प्रवासी थांबला की मठाला दान मिळे. धोक्याच्या जागी श्रद्धा, आणि श्रद्धेच्या जागी मिळकत, असा हा क्रम ऱ्हाईनवर पुन्हापुन्हा दिसतो.

किल्ल्याखालचा नाका

सर्वांत मोठी मिळकत होती जकातीची. जकात घेणे हा मूळचा राजाचा हक्क. त्यामागची कल्पना अशी की, राजा वाट सुरक्षित ठेवतो, काठाची पायवाट दुरुस्त करवतो, म्हणून वापरणाऱ्याने मोल द्यावे. सुरुवातीला ते पैशातच देत असेही नाही. कोब्लेन्त्सच्या नाक्याचा ११०४ चा दरपट उपलब्ध आहे. त्यात म्यूज नदीकाठच्या शहरांतून येणारे व्यापारी धातूची भांडी आणि दारू अशा रूपाने जकात भरताना दिसतात.

पुढे राजांनी हा हक्क सरदारांना आणि आर्चबिशपांना दिला, गहाण टाकला, कर्जाच्या बदल्यात सोडला. ज्याला मिळाला नाही त्याने बळाने घेतला. इतिहासकारांच्या मोजणीनुसार बाराव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाईनवर वीसच्या आत नाके होते. तेराव्याच्या अखेरीस ते चाळीसच्या वर गेले आणि चौदाव्याच्या अखेरीस साठ ओलांडून पुढे. थॉमस वाइक्स या इंग्रज इतिहासलेखकाने तेराव्या शतकातच या प्रकाराला जर्मनांचे वेड म्हटले होते.

काउब गावासमोर नदीच्या मधोमध एका खडकावर उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन हा किल्ला १३२७ च्या सुमारास बावारियाच्या लुडविग राजाने बांधायला घेतला. त्याचे कामच जकात वसूल करणे. दगडी नावेसारखा तो प्रवाहात उभा आहे. तिथे जकातवसुली १८६० च्या दशकापर्यंत चालू होती. बिंगेनजवळचा ‘उंदरांचा मनोरा’ही जकातीशीच जोडलेला. दंतकथा सांगते की, दुष्काळात गरिबांना जाळणाऱ्या हाट्टो नावाच्या आर्चबिशपला इथे उंदरांनी खाल्ले. पण जुन्या जर्मन भाषेत जकातीसाठी ‘माउट’ असा शब्द होता आणि ‘माउस’ म्हणजे उंदीर. जकातीचा मनोरा लोकांच्या तोंडी उंदरांचा झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. लोकांनी जकात घेणाऱ्याला उंदरांच्या तोंडी दिले, यात त्यांच्या रागाचा अंदाज येतो.

हा राग नुसता गोष्टीत राहिला नाही. १२५४ मध्ये साम्राज्याची गादी दुबळी असताना माइन्त्स आणि वर्म्स यांनी पुढाकार घेऊन शहरांचा संघ केला. त्यात लवकरच पन्नासहून अधिक शहरे आली. बेकायदा नाके बंद करणे हा त्याचा एक मुख्य उद्देश. गंमत म्हणजे स्वतः जकात घेणारे आर्चबिशपही त्यात सामील झाले. संत गोआरच्या गावावर राइनफेल्स किल्ला बांधून जकात वाढवणाऱ्या काट्झनेलनबोगनच्या सरदाराला या संघाने वेढा घातला. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला आणि फसला. काही वर्षांतच संघही विरला. पुढे १२७३ मध्ये निवडून आलेल्या रुडॉल्फ राजाने काही लुटारू किल्ले पाडले. पण त्याचा रोख परवानगीवाचून लुटणाऱ्यांवर होता. परवानगीने घेतली जाणारी जकात वाढतच राहिली.

ज्यू प्रवाशाचा भार आणखी वेगळा. जर्मन मुलखात त्याला मालाची जकात भरून सुटका नसे. अनेक ठिकाणी त्याला स्वतःच्या देहाची जकात द्यावी लागे, जणू तोही एक गाठोडे. ही देहजकात पूर्णपणे जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. नाक्यावर कोणाकडे माल म्हणून पाहायचे हे नाकेदार ठरवतो, याचे याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

एका चित्रकाराचा हिशेब

नाक्यावर नेमके काय घडे, हे सांगणारा एक उत्तम साक्षीदार आपल्याला लाभला आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर १५२० च्या जुलैमध्ये पत्नी आग्नेस आणि मोलकरीण सुझाना यांना घेऊन नेदरलँड्सला निघाला. सम्राट मॅक्सिमिलियन वारला होता आणि त्याने दिलेले सालाचे मानधन नव्या सम्राटाकडून कायम करून घ्यायचे होते. काळ नव्या युगाच्या उंबरठ्यावरचा, पण नदीवरची व्यवस्था जुनीच. ड्यूररने रोजनिशीत पैन् पैचा खर्च लिहून ठेवला, म्हणून ती आज अमोल आहे.

निघताना त्याने बाम्बेर्गच्या बिशपला आपली चित्रे भेट दिली आणि बदल्यात जकातमाफीचे पत्र मिळवले. माइन नदीवर ते पत्र दाखवत तो नाक्यामागून नाके पार करत गेला. ऱ्हाईनवर आल्यावर पत्राची जादू ओसरली. एरनफेल्सच्या नाक्यावर त्याला दोन सोन्याची नाणी ठेवावी लागली. दोन महिन्यांत योग्य माफीपत्र आणले तर ती परत मिळतील, अशी बोली झाली. बाखाराखला त्याने लिहून दिले की, दोन महिन्यांत एक तर पैसे भरीन किंवा माफीपत्र आणीन. काउबलाही तेच. संत गोआरला नाकेदाराने विचारले, मागच्या नाक्यांवर तुमचे काय झाले? ड्यूररने पैसे देणार नाही असे सांगितले. बोपार्डला नाकेदारांनी त्याच्याकडून मोहोर लावून लिहून घेतले की, त्याच्याकडे विक्रीचा माल नाही, आणि मग सोडले. लानश्टाइनचा नाकेदार आग्नेसच्या ओळखीचा निघाला. त्याने जाऊ तर दिलेच, वर दारूचा चंबू भेट दिला आणि माइन्त्सच्या आर्चबिशपकडे आपल्यासाठी शब्द टाका म्हणून विनंती केली.

हे सहा नाके सुमारे ५५ किलोमीटरच्या अंतरात आहेत. त्यांचे मालक चार. माइन्त्सचे आर्चबिशप, पॅलेटिनेटचे सरदार, हेसेचे राज्य आणि ट्रियरचे आर्चबिशप. एकाची माफी दुसऱ्याला बांधील नाही. ही रोजनिशी अनुवादात वाचताना मला जाणवले की, दर काय आहे हे नाक्यावर जेवढे महत्त्वाचे, तेवढेच तुम्ही कोण, कोणाचे पत्र आणले आणि तुमची ओळख कोणाशी, हेही महत्त्वाचे. ड्यूररजवळ कीर्ती होती, पत्र होते, ओळखीची पत्नी होती. मासळीची पिंपे घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याजवळ यांतले काहीच नसे.

कोलोनचे तीन दिवस

एवढे नाके ओलांडून कोलोन आले की आणखी एक अडसर. इथल्या आर्चबिशपने १२५९ मध्ये शहराला असा हक्क दिला की, नदीने येणारा माल इथे उतरवून तीन दिवस शहरवासीयांना विक्रीला ठेवलाच पाहिजे. मग उरेल तो पुढे न्यावा. या हक्काला निसर्गाची साथ होती. कोलोनच्या वरचे पात्र उथळ, खालचे खोल. वरच्या होड्या सपाट तळाच्या, मागे उंच आणि रुंद. खालची जहाजे खोल आणि शिडाची. माल इथे एका जहाजातून दुसऱ्यात जाणारच होता. शहराने त्या अदलाबदलीवर आपला अधिकार बसवला.

त्यातून कोलोनची भरभराट झाली. उत्तरेकडून आलेली खारवलेली हेरिंग मासळी इथे तपासून, पुन्हा पिंपांत भरून पुढे जाई आणि तपासणीची खूण असलेल्या पिंपाला वरच्या शहरांत भाव मिळे. म्हणजे गिऱ्हाइकाला खात्री मिळत होती, हेही खरे. या धक्क्याचे रूप पाहायचे असेल तर हान्स मेमलिंगने १४८९ मध्ये ब्रूजमधल्या इस्पितळासाठी रंगवलेली संत उर्सुलाची पेटी पाहावी. नावेतून उतरणाऱ्या कुमारिकांमागे कोलोनची खरीखुरी शिखरे दिसतात.

मग नदीच का?

इतका जाच असताना लोक नदी सोडून का गेले नाहीत, हा प्रश्न मला बराच काळ पडत असे. काही गेले. जकात वाढली की हलका, मौल्यवान माल रस्त्याला लागे. ड्यूररही कोलोनहून पुढे अँटवर्पला जमिनीनेच गेला. पण दारू, धान्य, मीठ, लाकूड यांना दुसरी वाट नव्हती, आणि नाकेदारांना ते ठाऊक होते. प्रत्येक नाकेदाराला हेही कळत होते की, सगळ्यांची जकात मिळून व्यापार आटतो आहे. पण एकट्याने दर कमी केला तर त्याची फक्त मिळकत बुडे. नदी मोकळी व्हायची नाही, कारण खालचा आणि वरचा नाका तसाच राही. सगळ्यांनी मिळून सोडावे, तरच उपयोग. आणि सगळ्यांना एकत्र बसवणारा कोणी नव्हता.

तो योग १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत आला. नदीवर सर्वांना मोकळेपणाने नौकानयन करता यावे, हे तत्त्व तिथे मान्य झाले आणि काठावरच्या राज्यांचा एक आयोग नेमला गेला. तो आयोग आजही काम करतो. आज चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. १८३१ च्या माइन्त्स कराराने कोलोनची तीन दिवसांची सक्ती गेली आणि १८६८ च्या मानहाइम कराराने ऱ्हाईनवरची जकात संपली. शहरांच्या संघाने १२५४ मध्ये मागितलेली गोष्ट मिळायला सहा शतके लागली.

आज त्या दरीतून आगबोटीने जाणारा प्रवासी किल्ल्यांची छायाचित्रे काढतो, आणि ते सुंदर आहेतच. पण ते कुठे उभे आहेत हे जरा निरखून पाहावे. बहुतेक सगळे वळणावर, अरुंद पात्रावर, जिथे होडीला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते अशाच जागी आहेत. ऱ्हाईनच्या नावाड्याला त्यांचे सौंदर्य दिसत नसावे. किल्ला दिसला की त्याचा हात आधी पैशांच्या पिशवीकडे जात असावा.